जुन्या इराण्याकडे जेवायला जाताना

फोर्टात, धोबी तलावाला किंवा बॅलार्ड इस्टेटमध्ये एखाद्या जुन्या इराण्याकडे, म्हणजे इराणातून आलेल्यांनी मुंबईत काढलेल्या हॉटेलात, जेवायला जायचे ठरवले, की पत्ता शोधण्याआधी घड्याळ पाहावे. ही हॉटेले वेळेला बांधलेली असतात. पाव भट्टीतून सकाळी निघतो, म्हणून ब्रून मस्का (कडक पाव आणि मस्का), आम्लेट आणि अकुरी (पारशी पद्धतीची अंड्याची भुर्जी) हे सकाळचे खाणे. मटणाची पातेली दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास उतरतात, म्हणून धनसाक, पुलाव आणि सल्ली बोटी दुपारची. चारनंतर चहा, खारी आणि उरला असेल तर मावा केक. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की फोर्टातले रस्ते ओस पडतात, आणि कचेरीतल्या माणसांवरच चूल पेटती ठेवणारी ही हॉटेलेही लवकर दिवे मालवतात. बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया तर वर्षानुवर्षे फक्त दुपारच्या जेवणासाठी ओळखले जाते. रात्रीच्या जेवणाचा बेत इराण्याकडे आखू नये.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. साताऱ्याहून आलेल्या आत्याला मुंबईतले जुने हॉटेल दाखवायचे म्हणून मी तिला सव्वातीनच्या सुमारास फोर्टातल्या एका इराण्याकडे घेऊन गेलो. आत्याने सकाळपासून चहाशिवाय काही घेतले नव्हते. आत पाऊल टाकले तेव्हा पोऱ्या खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होता आणि फरशीवर पाणी ओतलेले होते. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या मालकांनी मान हलवून ‘किचन बंद’ एवढेच सांगितले. आत्या काही बोलली नाही, पण व्हीटी स्टेशनपर्यंतच्या वाटेवर तिला केळी घेऊन द्यावी लागली, आणि ते मला फार लागले. तेव्हापासून निघण्यापूर्वी फोन करतो आणि तीन गोष्टी विचारतो: आज उघडे आहे का, स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत चालते, आणि आज काय केले आहे. तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण अनेक ठिकाणी धनसाक रोज होत नाही, आठवड्यातून ठरलेल्या दिवशीच होतो. फोन कोणी उचललाच नाही, तरी हिरमुसून जाऊ नये. सकाळी जावे, सकाळचे काहीतरी हमखास मिळते.

कोठे जावे, याचा निर्णय काय खायचे यावरून करावा. पहिल्यांदाच जाणाऱ्याने धोबी तलावाला मेट्रो सिनेमाच्या समोर १९०४ पासून असलेल्या कयानीत सकाळी जावे. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर १९१३ चे ससानियन आहे. खिमा खायचा असेल तर फोर्टातले १९३३ चे कॅफे मिलिटरी, आणि पोटभर जेवायचे असेल तर १९२३ चे ब्रिटानिया. हॉटेलाचे वय म्हणजे गुण नव्हे, पण शंभर वर्षे एकाच जागी एकच पदार्थ होत आला असेल, तर तो करणाऱ्याच्या हाताला बसलेला असतो.

आत शिरल्यावर कोणी आपल्याला जागा दाखवील म्हणून दारात उभे राहू नये. येथे ज्याने त्याने रिकामी खुर्ची पाहून बसायचे असते. टेबलावर कोणी एकटा पेपर वाचत बसला असेल, तर ‘बसू का?’ असे विचारून समोर बसावे. तो मान हलवतो आणि पेपराची घडी थोडी आपल्या बाजूला ओढून घेतो, इतकाच उपचार असतो. टेबल वाटून घेणे हा येथला जुना रिवाज आहे. इराण्याची हॉटेले बहुधा नाक्यावर असतात. कोपऱ्याची जागा शुभ नाही अशी समजूत इतर व्यापाऱ्यांत असल्यामुळे ती इराण्यांना मिळत गेली, असे सांगितले जाते. ते काहीही असो, कोपऱ्याचा खरा फायदा आजही दिसतो, तो म्हणजे दोन रस्त्यांवरचा उजेड आणि दोन रस्त्यांवरचे गिऱ्हाईक. म्हणून जागा निवडताना दोन दारांच्या मधल्या वाऱ्यावरचे, पण गल्ला नजरेच्या टप्प्यात असणारे टेबल निवडावे. वर माळा असतो आणि पूर्वी तेथे ‘फॅमिली रूम’ असे. पण चहा गरम यायला हवा असेल तर खालीच बसणे बरे.

आता जे दिसते त्याबद्दल. भिंतीचा रंग पोपडे धरून सुटलेला असतो, आरशांच्या कडा काळ्या पडलेल्या असतात, लांब दांड्याचे पंखे कुरकुरतात, संगमरवरी टेबलाचा एखादा कोपरा तुटलेला असतो आणि वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्चीचा एक पाय आखूड असतो. हे सारे पाहून ‘येथे खायचे का?’ असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्याची रीत माहीत असली पाहिजे. भिंत आणि ताट यांची पडझड वेगवेगळ्या कारणांनी होते. यांतली बहुतेक हॉटेले जुन्या पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या, जागांत आहेत. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवल्यामुळे ती तगली, आणि त्याच कारणाने इमारतीची डागडुजी ना घरमालकाने केली ना भाडेकरूने. पुढे भागीदारांचे वारस वाढले, मुले शिकून दुसऱ्या धंद्यांत किंवा परदेशात गेली, १९८२ च्या संपानंतर गिरण्यांतले गिऱ्हाईक सरले, आणि फोर्टातल्या कचेऱ्या एकामागून एक लोअर परळला व वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्या. कयानीच्या समोरचे बस्तानी २००४ च्या सुमारास बंद झाले, तेव्हा त्या नाक्यावरून जाणाऱ्या अनेकांच्या पोटात कालवले. रंगाचे पोपडे हे या इतिहासाचे आहेत. त्यांवरून खिम्याची परीक्षा करू नये.

परीक्षा करायची ती इतर गोष्टींवरून. कपाच्या कानापाशी आणि बशीच्या तळाशी पाहावे. तेथे चहाचा जुना तपकिरी थर असेल तर धुण्याकडे लक्ष उरलेले नाही असे समजावे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला काय आणून दिले जाते ते पाहावे, आणि त्यातून वाफ निघते की नाही ते पाहावे. गल्ल्याजवळच्या काचेच्या कपाटात सकाळी दहा वाजता मावा केकचा ट्रे अर्धा रिकामा असेल तर ते चांगले लक्षण. सगळे ट्रे भरलेले आणि काचेला आतून बाष्प धरलेले असेल तर माल फिरत नाही. पाव हातात घेऊन पाहता आला तर फारच उत्तम: ब्रूनचे कवच बोटाने दाबल्यावर तडकले पाहिजे, चामड्यासारखे वाकता कामा नये. आणि खाद्ययादीत हक्का नूडल्स, पनीर चिली व मंचुरियन यांनी निम्मे पान व्यापले असेल, तर ते पदार्थ मागवू नयेत. गिऱ्हाईक टिकवण्यासाठी मालकांना ते ठेवावे लागतात, त्यात त्यांचा दोष नाही. पण त्या स्वयंपाकघराचा जीव त्यांत नसतो, आणि ‘इराण्याकडचे खाणे बिघडले’ असे सांगणाऱ्या अनेकांनी तेथे नेमके हेच खाल्लेले असते, असा माझा अनुभव आहे.

मागवताना घाई करू नये आणि सगळे एकदम मागवू नये. एक-दोन पदार्थ मागवावे, ते संपत आले की पुढचे सांगावे. टेबल लहान असते आणि पदार्थ तयार होईल तसा येतो. वेटर बहुधा वयस्क असतात, वीस-तीस वर्षे त्याच फरशीवर फिरलेले. त्यांना ‘काका’ किंवा ‘चाचा’ म्हणावे, चुटकी वाजवून बोलावू नये. यादी न पाहताच विचारावे, ‘काका, आज काय ताजे आहे?’ एका सकाळी मी सवयीने खिमा सांगितला, तेव्हा तेथल्या काकांनी खांद्यावरचे फडके नीट करत हळूच सांगितले, ‘खिमा को टाइम है, अकुरी खाओ.’ मी अकुरी घेतली. अंडी जेमतेम थिजलेली, त्यांत कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची आणि कोथिंबीर, आणि कडेने अजून ओलसर. ताटलीतली अकुरी पावाने पुसून घ्यावी लागते इतकी मऊ. त्या दिवशी खिमा खाल्ला असता तर तो आदल्या रात्रीचा असता. वेटरने आपणहून काही सुचवले, तर ते ऐकावे.

ब्रून मस्का खाण्याची एक पद्धत आहे, आणि ती न पाळल्यास निम्मी मजा हरवते. ब्रून म्हणजे वरून कडक, आतून जाळीदार आणि मऊ असा पाव. तो आडवा कापून आत मस्का लावतात आणि वरून सुरी चालवून त्याचे तीन-चार तुकडे करतात. काही ठिकाणी मस्क्यावर साखर भुरभुरतात. पहिला तुकडा कोरडाच खावा, म्हणजे भट्टीचा वास आणि मस्क्याचा खारटपणा कळतो. टाळूला कवच टोचते, ते टोचलेच पाहिजे. दुसरा तुकडा चहात बुडवावा, पण मस्क्याची बाजू वर ठेवून आणि मनातल्या मनात तीन मोजेपर्यंतच. त्याहून अधिक ठेवला तर आतला भाग सुटून कपाच्या तळाशी बसतो. चहावर मस्क्याचे पिवळे थेंब तरंगू लागतात, ते काढू नयेत. ज्यांचे दात नाजूक आहेत त्यांनी संकोच न करता बन मस्का मागवावा. तो गोडसर आणि मऊ असतो.

ब्रूनचे भविष्य सध्या भट्टीवर टांगलेले आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात, लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या शहरातल्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनावर आणण्यास सांगितले. शहराच्या फुप्फुसांचा विचार करता ते योग्यच आहे, आणि जुन्या बेकरीवाल्यांवर आलेला खर्चही खरा आहे. म्हणून यापुढे कोठे पाव थोडा वेगळा लागला, तर नाक मुरडण्याआधी भट्टी बदलली आहे का ते विचारावे. विचारलेले मालकांना आवडते. ते आतले सगळे सांगतात.

चहा मागवताना नुसते ‘चहा’ म्हटले तर नेहमीचा गोड चहा येतो. दुधाळ आणि दाट हवा असेल तर ‘पानी कम’ म्हणावे; हा शब्द इराण्याकडचाच आहे आणि तो म्हटला की वेटर दुसरा प्रश्न विचारत नाही. साखर कमी हवी असल्यास मागवतानाच सांगावे. चहा फार कढत असतो, तेव्हा बशीत ओतून पिण्यास मुळीच लाजू नये, त्यासाठीच बशी दिलेली असते.

खिमा दोन रूपांत मिळतो. साधा खिमा-पाव बहुतेकांना ठाऊक असतो. खिम्यात अंडी फोडून ढवळलेल्या प्रकाराला ‘घोटाळा’ म्हणतात आणि तो एका माणसाला जड जातो. खिम्यावर लिंबू आधी पिळून घ्यावे, कांदा मागून घ्यावा, आणि पाव थोडे थोडे मागवावे, कारण गरम पाव निवला की खिम्याचे तेल शोषून लगदा होतो.

दुपारचे जेवण हा वेगळा विषय आहे आणि त्याला दीड तास मोकळा ठेवावा. ब्रिटानियात बेरी पुलाव खावा. त्यातली बेरी म्हणजे इराणातली झरिश्क: लाल, मनुक्याहून लहान, वाळवलेली आणि झणझणीत आंबट. भात वरून साधा दिसतो. बेरी, तळलेला कांदा आणि काजू वर पसरलेले असतात, आणि मसालेदार मटण किंवा चिकन भाताच्या खाली दडलेले असते. नवखा माणूस वरचाच भात खात राहतो आणि ‘कोरडा आहे’ म्हणतो. चमचा ताटलीच्या तळापर्यंत घालून खालचे वर घ्यावे, आणि प्रत्येक घासात दोन-तीन बेऱ्या येतील असे पाहावे. मसाल्याला ती आंबट चव लागली की मग हा पदार्थ उलगडतो. ही पाककृती मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नीने इराणातून आणली, असे ते स्वतः टेबलाटेबलाशी जाऊन सांगत. सप्टेंबर २०१९ मध्ये, ९७ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या हातून वही-पेन्सिलीवर जेवण मागवलेल्यांना आज ते टेबल रिकामे वाटते, मलाही वाटते; पण पुलाव मागवणे सोडू नये.

धनसाकबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. डाळी, भाज्या आणि मटण एकत्र शिजवलेला हा पदार्थ पारशी घरांत रविवारी दुपारी होतो, आणि कोणी गेल्यावर चौथ्या दिवशीही होतो. म्हणून लग्नकार्यात तो करत नाहीत. पारशी किंवा इराणी मित्राचा वाढदिवस साजरा करायला गेला असाल, तर त्याच्यासाठी धनसाक मागवण्याआधी त्याला विचारावे. धनसाकबरोबर तपकिरी भात आणि कचुंबर येते. डाळ भातावर थोडी थोडी ओतून कालवावी, सगळी एकदम नव्हे. खाल्ल्यावर झोप येते, हे आधीच गृहीत धरून दुपारनंतरचे काम ठेवावे. ज्यांना आंबट-गोड आवडते त्यांनी सल्ली बोटी घ्यावी. वरची बटाट्याची बारीक काड्यांसारखी सल्ली कुरकुरीत असतानाच आधी खावी. केळीच्या पानात वाफवलेली पात्रानी मच्छी दुपारी लवकर संपते. बरोबर तांबड्या रंगाचे रासबेरीचे पेय मागवावे. ते काढणारा पालनजींचा सोड्याचा कारखाना १८६५ पासूनचा आहे. शेवटी कॅरामल कस्टर्ड दोघांत एक.

शाकाहारी माणसाला घेऊन जाणार असाल तर त्याला आधी सांगून ठेवावे. त्याला बन मस्का, चहा, खारी आणि गोडधोड पुरेसे मिळते, जेवण मात्र मर्यादित असते. आणि मावा केकमध्ये अंडे असते हे सांगायला विसरू नये. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी दारातल्या पायऱ्या आणि स्वच्छतागृहाची सोय आधी स्वतः पाहून यावी. हात धुण्याचे बेसिन बहुधा हॉलमध्येच आरशाखाली असते.

छायाचित्रे काढायची असतील तर आधी गल्ल्यावर विचारावे, आणि बसलेल्या गिऱ्हाइकांची तोंडे घेऊ नयेत. तेथे रोज येणारी निवृत्त माणसे असतात. त्यांच्यासाठी ते हॉटेल म्हणजे घराचा ओटा आहे, आणि चाळीस वर्षे ज्या खुर्चीवर बसतो तेथे कोणी न विचारता कॅमेरा रोखावा, हे त्यांना रुचत नाही. पाहायला आलेल्यांच्या गर्दीने गल्ला भरत नाही. चौघे जण येऊन दोन चहांवर तासभर टेबल अडवतात, पन्नास छायाचित्रे काढतात आणि ‘अशी ठिकाणे टिकली पाहिजेत’ असे म्हणून निघून जातात, तेव्हा दुपारच्या गर्दीत एक टेबल वाया गेलेले असते. बसायचे असेल तर निवांत बसावे, पण दर अर्ध्या तासाने काही ना काही मागवावे. किंवा साडेदहा ते साडेअकराच्या मधल्या रिकाम्या वेळी जावे, तेव्हा कोणी उठवत नाही आणि मालकही गप्पांना मोकळे असतात. भिंतीवरच्या पाट्या वाचाव्या आणि पाळाव्या. मोठ्याने बोलू नये, बाहेरचे खाऊ नये, टेबलावर पाय ठेवू नये अशा सूचना त्यांवर असतात, आणि त्या लिहिणाऱ्याने त्या मनापासून लिहिलेल्या असतात.

पैसे अनेक ठिकाणी गल्ल्यावरच द्यायचे असतात. पूर्वी गिऱ्हाईक उठले की वेटर तेथूनच रक्कम ओरडून सांगे आणि मालक ती मान न उचलता घेत; आता चिठ्ठी मिळते. सर्वत्र कार्ड किंवा मोबाइलवर पैसे घेतले जातीलच असे नाही, म्हणून रोख आणि सुट्टे जवळ ठेवावे. पाचशेची नोट सकाळी आठ वाजता दोन चहांसाठी पुढे करू नये. वेटरची बक्षिसी बडीशेपेच्या बशीत न ठेवता त्यांच्या हातात द्यावी. पदार्थात काही खरोखर चुकले असेल, म्हणजे पाव शिळा होता किंवा मटण निबर होते, तर तेही गल्ल्यावर शांतपणे, शक्यतो दुसऱ्या गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही असे सांगावे. मी एकदा असे सांगितले, तेव्हा मालकांनी वाद न घालता आतून दुसरा पाव मागवला, स्वतः तो मधोमध मोडून पाहिला आणि मग माझ्या हातात दिला.

निघताना काचेच्या बरण्यांकडे वळावे. खारी, जिरा बिस्किटे आणि नानकटाई प्रवासात टिकतात. मावा केक दुसऱ्या दिवशीपर्यंत ठीक राहतो, पण डब्यात उलटा रचू नये, वरचे तपकिरी साल कागदाला चिकटून निघते. ब्रून घरी न्यायचा असेल तर कापून न घेता अख्खा घ्यावा आणि प्लास्टिकच्या पिशवीत न बांधता कागदातच ठेवावा, नाहीतर लोकल दादरला पोहोचेपर्यंत त्याचे कवच सादळते. रात्री तो खायचा असल्यास कवचावर ओला हात फिरवून जाड तव्यावर मंद आचेवर झाकण न घालता तापवावा आणि दर मिनिटाला फिरवत राहावे; बोटाने दाबल्यावर तडकल्याचा आवाज आला, की उतरवावा आणि मस्का लगेच लावावा.